टाकी आंबते तेव्हा

मुनीरा तांदळाचं पीठ मळत होती. शेजारी बसलेल्या आसियानं, तिच्या सासूनं, तिचा हात मनगटाशी धरला आणि नाकाजवळ नेला. ‘काय गो हे? आंबट वास येतोय तुज्या हाताला. पीठ जुनं हाय काय?’ पीठ कालच गिरणीतून आणलेलं होतं. मुनीरा उठली, मोरीत जाऊन तिनं हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले आणि ओले हात स्वतःच्या नाकाशी नेले. साबणाचा लिंबाचा वास आला आणि त्याच्या खालून तो दुसरा वास हळूच वर आला, नासलेल्या लोण्यासारखा, गळ्याच्या आतल्या बाजूला चिकटणारा. पीठ तसंच परातीत राहिलं. मोरीच्या खिडकीबाहेर अष्टमी गावच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती, आणि मुनीराला एवढंच समजत होतं, की गेले चार दिवस आपण स्वतःशी जो वाद घालत होतो तो आता संपला. तो वास कंपनीतल्या गॅसच्या टाकीचा होता. चार दिवस ती आकडे बघत होती आणि प्रत्येक आकड्याला काहीतरी कारण शोधून देत होती. नमुना वरच्या नळातून घेतला म्हणून असेल, मीटरचा दांडा जुना झालाय म्हणून असेल, शनिवारी पाऊस पडला, गवत ओलं आलं, म्हणून असेल. आकड्यांशी वाद घालता येतो. पण आसियाला यातलं काही माहीत नव्हतं, तिनं टाकी कधी पाहिली नव्हती, तिनं फक्त सुनेचा हात हुंगला होता.

भाकऱ्या आसियानंच थापल्या. मुनीरा डबा घेऊन पुलावरून चालत निघाली. कंपनीची गाडी रोह्याच्या बाजूला उभी राहायची, अष्टमीत यायची नाही. खाली कुंडलिका नदीला गढूळ पाणी होतं, गणपती जाऊन पंधरा दिवस झाले होते, काठच्या झुडपांत अजून निर्माल्य अडकलेलं होतं. पूल तिला आवडायचा. एरवी त्या दहा मिनिटांत ती कुणाचीच नसायची, ना घरची ना कंपनीची. आज तिला प्रत्येक पावलाला वाटत होतं, की आपल्या अंगाला वास येतोय आणि समोरून येणारे लोक किंचित बाजूला होतायत. कुणी होत नव्हतं. कासाराच्या दुकानापाशी एका ओळखीच्या बाईनं विचारलं, ‘इलियासचा फोन येतो ना?’ ती म्हणाली, ‘येतो.’ इलियास, तिचा नवरा, कुवेतला होता, तेलाच्या कारखान्यात, आठ वर्षं. रात्री तो फोनवर विचारायचा, टाकीत काय झालं आज, आणि हसायचा. त्याच्याकडे जमिनीतून गॅस येत होता, विहिरीला पाणी लागावं तसा. गवतापासून गॅस करायचा म्हणजे त्याला पोरखेळ वाटायचा. मुनीरा त्याला सांगायची, पोरखेळ नाही रे, मूल वाढवण्यासारखं आहे, आणि मग दोघंही घाईनं विषय बदलायचे, कारण त्यांना मूल नव्हतं.

निडी स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून थोडं आत, ती मोठी हिरवी टाकी उभी होती. आगगाडीतून जाणाऱ्यांना ती तेलाची वाटे. आत गवत होतं. हत्तीगवत, नेपियर, कंपनीची माणसं त्याला पीक म्हणत, शेतकरी गवतच म्हणत. ते बारीक कुट्टी करून शेणकाल्यात कालवायचं, मोठ्या स्क्रूनं टाकीत ढकलायचं, आणि आत हवेशिवाय, अंधारात, अंगाच्या तापाएवढ्या उबेत, डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी जीव ते खात बसायचे. काही जीव गवताचं आम्ल करत, दुसरे त्या आम्लाचा गॅस करत. पहिले दांडगे होते, काहीही दिलं तरी खात. दुसरे नाजूक होते. पहिल्यांनी घाई केली की दुसरे मागे पडत, आम्ल साठत जाई, आणि मग त्या आम्लातच ते दुसरे मरत. मुनीराचं काम एवढंच होतं, रोज सकाळ-संध्याकाळ नळ उघडून बाटलीभर काला घ्यायचा आणि बघायचं, की आम्ल किती आहे आणि ते पेलायला क्षार किती उरलेत. फेब्रुवारीत टाकी पहिल्यांदा भरली तेव्हा नागोठण्यापासून कोलाडपर्यंतच्या गोठ्यांतून शेण आणलं होतं. सहा आठवडे त्या टाकीला थोडं थोडं गवत भरवलं होतं. पहिल्यांदा गॅस पेटला तेव्हा दिवसाउजेडी ज्योत दिसतच नव्हती, नुसती वरची हवा थरथरत होती, आणि रघू, निडीचाच आगरी, टाकीवरचा ऑपरेटर, म्हणाला होता, ‘पेटला काय नाय मॅडम, समजत नाय.’ तिनं वाळकं पान काठीला लावून वर धरलं होतं. पान काळं पडलं.

तशीच न दिसणारी ज्योत तिनं आधी एकदा पाहिली होती, पाच-सहा वर्षांची असताना. तिच्या अब्बांनी, सईदनं, घरामागे गोबर गॅसची टाकी बांधून घेतली होती, सरकारी योजनेतली, वर लोखंडी टोपी. सकाळी टोपी फुगून वर आलेली असायची आणि अब्बा तिला खांद्यावर घेऊन दाखवायचे, बघ, रात्रभर म्हशीनं काय कमावलं. त्या शेगडीवर अब्बा स्वतः चहा करायचे, घरातल्या बायकांना हात लावू द्यायचे नाहीत, दार बंद करून अंधार करायचे म्हणजे निळी ज्योत दिसेल. मग अब्बा सौदीला गेले, म्हशी विकल्या गेल्या. टोपी खाली बसली ती पुन्हा वर आली नाही. तिला आठवतं, अम्मी त्या टोपीवर कपडे वाळत घालायची. रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र घ्यावंसं का वाटलं, असं कुणी विचारलं असतं तर तिनं त्या अंधारातल्या चहाचं नाव सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. अब्बा परत आले ते आजारी होऊनच. पेणच्या दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस ती रोज सकाळी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट हातात घ्यायची, घरात तिलाच तो वाचता येत होता, आणि आकडा कालच्यापेक्षा वर गेलाय हे बघून बाहेर बाकावर बसलेल्या काकांना आणि अम्मीला सांगायची, ठीक आहे. डॉक्टर पण तिच्याकडे बघून मान हलवायचे, जणू दोघांना एकच भाषा येत होती, आणि त्या भाषेत ‘करणं’ हे क्रियापदच नव्हतं.

सकाळचा नमुना घेतला. नळ उघडल्याबरोबर वास आला, बाटलीत नाक घालायची गरजच नव्हती. पीएचचा आकडा, आम्ल वाढलं की उतरणारा, सात पूर्णांक दोन हवा, तो सहा पूर्णांक सातवर होता. दुसरा आकडा, आम्ल आणि क्षारांचा, काल धोक्याच्या जवळ होता, आज पार पलीकडे. गॅसमधला जळणारा भाग छप्पन्न टक्क्यांवरून चव्वेचाळिसावर आला होता. ती कागद घेऊन पोतनीस साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पोतनीस पुण्याहून आले होते, बायको-मुलं तिकडेच, इथे लॉजवर राहत, माणूस वाईट नव्हता. त्यांनी कागद नीट वाचला.

‘किती दिवस थांबवावं लागेल?’

‘गवत दहा-बारा दिवस पूर्ण बंद करायला हवं. सोडा घालायचा, ढवळत राहायचं. मग थोडं थोडं.’

‘गुरुवारी कार्यक्रम आहे, मुनीरा मॅडम. गॅसची पहिली गाडी निघणार आहे. मुंबईहून लोक येतायत.’

‘गुरुवारपर्यंत टाकी टिकणार नाही.’

‘टिकेल. टाकी मोठी आहे. एवढ्या मोठ्या टाकीला तीन दिवसांनी काय होतंय?’ मग ते आवाज उतरवून म्हणाले, ‘मी काल पुण्याच्या ऑफिसला बोललो. मी तेच बोललो, जे तुम्ही आत्ता बोलताय. फीड थांबवायचं नाही, असं उत्तर आलं. वर गॅस कमी पडतोय, म्हणून गवत वाढवा म्हणाले.’

‘गवत वाढवलं तर गॅस अजून कमी होईल.’

‘ते मला समजतं हो,’ पोतनीस म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. ती केबिनबाहेर आली. तिला राग यायला हवा होता. तिला आठवत राहिली ती पोतनिसांची बोटं, नखांत शाई गेलेली, घडी नीट जुळवणारी.

मंगळवारी पोतनीस मंडपाच्या आणि पाहुण्यांच्या कामाला अलिबागला गेले. सकाळी आकडा सहा पूर्णांक चार होता. मुनीरा लोखंडी जिना चढून फीडरच्या, गवत आत ढकलणाऱ्या यंत्राच्या, ओट्यावर गेली. रघू लोडरच्या बादलीतून कुट्टी ओतत होता, स्क्रू ती आत ओढून घेत होता, तोच घरघरणारा आवाज, ज्याच्यावर इथे सगळ्यांचा दिवस चालायचा.

‘रघू, बंद कर.’

‘साहेब बोलले तीस टन टाका, तर मी तीस टाकतोय. माझी नोकरी जाईल, मॅडम.’

‘तू हात लावू नको. मी करते.’

लाल बटण तिनंच दाबलं. स्क्रू एक आचका देऊन थांबला. इतकी शांतता झाली, की दूर रोह्याकडे जाणाऱ्या मालगाडीचे डबे एकेक करून मोजता आले असते. मुनीरा ओट्यावरच बसली. लोखंड तापलेलं होतं. टाकीच्या भिंतीला तिनं तळहात लावला, आतली ऊब लागली, आणि तिला उगीच वाटलं, की आत काहीतरी श्वास सोडतंय. हे आपण आज केलं, असं ती मनात म्हणाली, आणि ते वाक्य तिला परकं वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडचं. आयुष्यात तिनं कधी चालू असलेली गोष्ट बंद केली नव्हती. अब्बांची नळी तिनं काढायला सांगितली नव्हती, इलियासला परत ये म्हटलं नव्हतं. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. मग फाटकाकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले. गवताच्या गाड्या आल्या होत्या, पेणकडच्या, एकामागे एक सहा. रघूनं त्यांना बाहेरच थांबवलं होतं. ताज्या गवतानं गच्च भरलेल्या, वर दोर आवळलेले, आणि त्या गवतातून वाफ निघत होती. कापलेलं ओलं गवत ढिगात राहिलं, की आतून तापतं, एका दिवसात काळं पडतं. तिसऱ्या गाडीच्या केबिनमधून एक माणूस उतरला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि सरळ ओट्याखाली येऊन उभा राहिला. तिनं त्याला ओळखलं. तो काळुराम होता, जोह्याचा. धोंडुबाईचा नवरा.

धोंडुबाईकडे ती गेल्या वर्षी मे महिन्यात गेली होती, कंपनीच्या माणसांबरोबर, मातीचे नमुने घ्यायला. जोहे म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव, घरटी मूर्ती, आणि कारखान्यांच्या मागे भाताची खाचरं. काळुराम साचे भरायचा, धोंडुबाई मूर्तींचे डोळे सोडून सगळं रंगवायची, डोळ्यांना माणूस वेगळा. तिनंच सांगितलं होतं, की भातलावणी आणि मूर्तींची घाई एकाच वेळी येते, जून-जुलैत, हात कुठं कुठं पुरणार, म्हणून दोन वर्षं अर्धं शेत ओसाडच राहतंय. कंपनीच्या माणसानं मांडून सांगितलं, गवताला लावणी एकदाच, मग पाच-सहा वर्षं नुसतं कापायचं, लावणी नाही, बेणणी नाही, कापणीला गाडी आम्ही पाठवणार. फक्त हत्तीगवताला पाणी साचून चालत नाही, त्यामुळे खाचरांचे बांध फोडून चर काढावे लागतील. काळुराम तयार होता. धोंडुबाई बांधाकडे बघत उभी होती. तिच्या सासऱ्याच्या बापानं घातलेले बांध, दर साली चिखल लावून राखलेले. मग ती मुनीराकडे वळली, कंपनीच्या चार पुरुषांना ओलांडून, आणि म्हणाली, ‘बाय, तू हिकडचीच ना? तू सांग. हे गवत तुमी घेनार का नाय?’ मुनीराच्या हातात मातीची पिशवी होती. ‘घेणार, मावशी,’ ती म्हणाली. तेव्हा ते खरं होतं. धोंडुबाई म्हणाली, ‘तू सांगतंस तर लावतूं.’ त्या दिवशी पेणला परत येताना मुनीरा खुशीत होती. आपल्याला कुणीतरी विचारून काहीतरी ठरवलं, याची ती खुशी होती, हे तिला आता ओट्यावर बसल्यावर कळलं.

‘मॅडम, गाडी का अडवली?’ काळुराम खालून विचारत होता. आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. ‘सकाळपासनं कापलंय. तापाया लागलंय बघा. हात घालून बघा.’

‘टाकीला त्रास होतोय, काळुरामदादा. दोन आठवडे गवत घेता येणार नाही.’

‘दोन आठवडे? आनि हे?’ त्यानं गाडीकडे बोट दाखवलं. ‘हे कापलेलं परत चिकटवू काय?’

मागच्या गाड्यांवरचे लोकही जवळ आले. कुणी काही वाईट बोललं नाही. सगळे वर बघत उभे राहिले. ती खाली बघत होती. तिला सांगता आलं असतं, की हे आत टाकलं तर टाकी मरेल आणि मग तुमचं पुढचं सगळं गवत उभंच राहील. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण आम्ल, क्षार, नाजूक जीव, हे शब्द त्या वाफाळणाऱ्या गवतासमोर कसे उच्चारायचे ते तिला समजेना. आणि खरं म्हणजे तिला स्वतःलाही त्या क्षणी ते खोटं वाटायला लागलं होतं. समोर दिसत होतं ते गवत होतं, माणसं होती. टाकीच्या आतलं काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात पोतनिसांची गाडी फाटकातून आत आली. कुणीतरी फोन केला असणार. ते शांतपणे जिना चढले, दम लागला होता, त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. ‘मॅडम, बाहेर लोक उभे आहेत,’ एवढंच म्हणाले, आणि हिरवं बटण दाबलं. स्क्रू घरघरला. काळुराम गाडीकडे पळाला. आणि मुनीराला, ज्या मुनीराला टाकीची सगळी लक्षणं पाठ होती, तिला मोकळं वाटलं. अंगावरून कुणी ओझं उतरवावं, तसं. ते मोकळं वाटणं पुढे कितीतरी महिने तिला आंघोळ करताना, चहा गाळताना, मध्येच आठवायचं आणि ती जिथल्या तिथे थांबायची.

गुरुवारी मंडप घातला होता. नळकांड्यांची गाडी झेंडूच्या माळांनी सजवली होती. भाषणं झाली, गवतापासून इंधन, शेतकरी इंधनाचा मालक, अशी. पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वळणावर दिसेनाशी झाली. ती जवळजवळ रिकामी होती, हे मंडपातल्या तीन माणसांना माहीत होतं. जादा गॅस जाळायची उंच नळी सकाळपासून विझलेली होती. रघूनं चार वेळा ठिणगी दिली, तिथे आता जळण्यासारखं काही येतच नव्हतं. शुक्रवारी टाकीतून फेस आला. वरच्या झडपेतून तो काळपट पिवळा फेस भिंतीवरून उतरला, वास निडी गावात गेला, लोक नाकाला फडकं लावून फाटकावर आले. शनिवारी गवत घेणं बंद झालं. आकडा पाच पूर्णांक चार.

त्यानंतर फार काही घडलं नाही, आणि तेच सहन करणं कठीण होतं. तीन महिन्यांत टाकी पुन्हा भरू, असं पोतनीस म्हणाले. पुण्याहून दोन तज्ज्ञ आले, त्यांनी तिचे सगळे कागद बघितले आणि म्हणाले, तुमचं मोजमाप अगदी अचूक आहे. पोतनीस आठवड्यातून तीन दिवस यायला लागले, मग एक दिवस, मग फोनवर. शेवटच्या फोनवर ते म्हणाले, ‘तुम्ही नमुने घेत राहा. नोंद असायला हवी.’ ती घेत राहिली. सकाळी पुलावरून जायची, नळ उघडायची, काला बाटलीत घ्यायची. पाच पूर्णांक चार, पाच पूर्णांक तीन, पाच पूर्णांक चार. रघू फाटकावर खुर्ची टाकून बसायचा. फीडरच्या ओट्यावर पडलेल्या कुट्टीतून कुठल्याशा कांडीला मूळ फुटलं होतं, लोखंडाच्या फटीत, धुळीवर, आणि आठवड्यात तिथे हातभर गवत उभं राहिलं. इलियास फोनवर आता टाकीचं विचारत नव्हता. एकदा ती आपण होऊन म्हणाली, ‘सगळे जीव मेलेत, आणि मी रोज त्यांचा ताप बघते.’ तो म्हणाला, ‘सोडून दे ना.’ सोडून द्यायला हातात काय आहे, हे तिला त्याला सांगता आलं नाही. आसिया कधी कधी जेवताना तिच्या हाताकडे बघायची. वास आता येत नव्हता, किंवा घराला त्याची सवय झाली होती.

डिसेंबरात, एका रविवारी, ती रोह्याहून गाडीनं पेणला गेली आणि तिथून जोह्याची एसटी धरली. कुणी बोलावलं नव्हतं. गाडीत बसल्यापासून ती एक वाक्य जुळवत होती, मावशी, ती टाकी आता चालणार नाही. निडी, नागोठणं, कासू, प्रत्येक स्टेशनला ते वाक्य जरा बदलायचं. चालणार नाही असं वाटतं. चालू व्हायला वेळ लागेल. पेणपर्यंत ते इतकं गुळगुळीत झालं, की त्यात काही उरलंच नाही, आणि एसटीत तिनं ते पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवलं.

कारखान्यांत या दिवसांत घाई नसते. धोंडुबाई ओटीवर जुने साचे धूत बसली होती. मुनीराला बघून ती उठली, पदराला हात पुसले. ‘ये गो बाय. येकटीच आलीस? पानी घे.’ पाणी पिऊन होईपर्यंत तिनं काही विचारलं नाही. मग म्हणाली, ‘चल, शेतावर जाऊ. मला पेंढी आनायचीच हाय.’

खाचरांच्या जागी गवताची भिंत होती. दीड पुरुष उंच, वर तुरे आलेले, खालचे दांडे बांबूसारखे पिवळे आणि कडक. वारा आला की सगळं एकदम एका बाजूला वाकायचं आणि परत यायचं. बांध कुठे होते ते ओळखता येत नव्हतं. एका कडेनं कापलेला पट्टा होता, त्यातही हातभर नवं गवत आलं होतं.

‘आमचे हे रोज सकालचे दोन तास कापतात,’ धोंडुबाई म्हणाली. ‘त्या टोकाला पोचतात तवर ह्या टोकाला गुडघाभर झालेलं असतंय. खोदून बगितलं. खोड काडलं, तर येक कांडी राहते, तीच फुटते. पेटवून बगितलं, वरचं करपलं, खालनं परत हिरवं.’

‘गुरांना?’

‘आता जून झालंय, गुरं तोंड लावत न्हाईत. कवळं तेवडं नाथाच्या म्हशीला देतंय. त्याची येकच म्हस. ती तरी किती खाईल?’

‘भात?’

‘भाताला पानी उभं राहाया पायजे. बांध नायत तर पानी कुटं राहनार?’ तिनं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. कोयत्यानं कवळं गवत कापत, पेंढी जुळवत ती बोलत होती. मग मध्येच वळून तिनं विचारलं, ‘तुजी नोकरी हाय ना? पगार देतात ना तुला?’

‘देतात.’

‘मंग बरं हाय.’

मुनीराला जुळवलेलं वाक्य आठवेना. तिच्या तोंडून भलतंच आलं. ‘मावशी, मला आधी कळलं होतं. टाकी आंबत होती ते. गाड्या आल्या त्याच्या चार दिवस आधी.’

धोंडुबाईचा कोयता थांबला. ‘मंग?’

‘सांगितलं मी. कुणी ऐकलं नाही. मंगळवारी मी बंद केली होती. चार तास.’

‘मंगलवारी,’ धोंडुबाई म्हणाली. ‘आमचे हे घरी येऊन बोलत होते, कोन बाईनं गाडी अडवलीन. ती तू होय. आमी त्या दिशी लय शिव्या दिल्या तुला, जेवताना.’ ती हे अगदी सहज म्हणाली, घरच्या माणसाला सांगावं तसं. ‘मंग परत चालू का केलीस?’

‘मी नाही केली. साहेबांनी केली.’ आणि मग, कारण आता थांबण्यात अर्थ नव्हता, ती म्हणाली, ‘पण केली तेव्हा मला बरं वाटलं.’

वारा पडला होता. धोंडुबाईनं तिच्याकडे नीट बघितलं. त्या बघण्यात काय होतं हे मुनीराला लावता आलं नाही, पुढेही कधी लावता आलं नाही. मग धोंडुबाईनं पेंढी बांधली आणि म्हणाली, ‘धर जरा. डोक्यावर दे.’ मुनीरानं पेंढी उचलून तिच्या चुंबळीवर ठेवली. ती ओली आणि अपेक्षेपेक्षा जड होती. धोंडुबाई मान ताठ करून नाथाच्या गोठ्याकडे निघाली. ‘आलेच. तू बस हितंच सावलीला.’

सावली गवताचीच होती. मुनीरा थोडा वेळ उभी राहिली. कोयता चराच्या कडेला पडलेला होता. तिनं तो उचलला. आयुष्यात तिनं गवत कापलं नव्हतं, टनांनी मोजलं होतं, वाळवून तोललं होतं, जाळून राख तोलली होती. पहिल्या घावाला दांडा नुसता वाकला. तिनं वाकून बुंध्याशी घाव घातला, मग दांडा तुटला आणि आत पांढरट ओला गर दिसला, त्याला गोडसर वास होता, उसासारखा. तिनं दुसरा तोडला. पानांच्या कडा हाताला कापत होत्या, बारीक, सुईनं ओढल्यासारख्या. ओढणी अडकली, ती तिनं कमरेला बांधली. मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत होती, मग विसा-पंचविसानंतर ते सुटलं. एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा झाली. समोर, दोन्ही बाजूंना, तेच. तुऱ्यांच्या वर आकाशाची पट्टी.

धोंडुबाई परत आली तेव्हा तिच्या हातात नुसती चुंबळ होती. ती थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती. ‘र्‍हाऊ दे बाय,’ ती म्हणाली. ‘हात कापशील. पंधरा दिवसांत परत येवडंच येनार हाय ते.’

‘हो,’ मुनीरा म्हणाली.

पेणकडून आलेली एसटी गावात वळून परत गेली, तिचा हॉर्न इथपर्यंत ऐकू आला. ‘पाचची गेली,’ धोंडुबाई म्हणाली. ‘आता साडेसहाला हाय.’

‘असू दे,’ मुनीरा म्हणाली, आणि वाकून तिनं पुढचा बुंधा धरला.